आण्णांनी तपासलेलं यंत्र

बाजारात नवी वस्तू आली की पहिल्याच दिवशी घ्यायची, ही खोड आमच्या घरात मला एकटीला होती. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिची चीड होती. "आधी चार लोकांना फसू दे, मंग आपण घेऊ," असं ते म्हणायचे, आणि त्यांचं म्हणणं काही चूक नव्हतं. निघाल्या दिवशी घेतलेल्या एका मोबाइलची पाठ तिसऱ्या महिन्यात पुरीसारखी फुगली होती. पावलं मोजणारं घड्याळ घेतलं, तर ते अंबड-जालना एसटीत बसल्या जागी खड्ड्यांनाच पावलं समजायचं आणि संध्याकाळी भरपूर चालल्याबद्दल माझं अभिनंदन करायचं. तो अभिनंदनाचा संदेश आण्णांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला होता आणि तिन्ही वेळा पोट धरून हसले होते.

त्यामुळे एका सकाळी हेच आण्णा जेव्हा म्हणाले, "ते यंत्र निघालं की पहिल्याच दिवशी घ्यायचं. थांबायचं न्हाई," तेव्हा मी वाचत असलेला पेपर खाली ठेवला.

आण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे. त्यांची बहुतेक नोकरी वाटूरच्या आसपासच्या खेड्यांत गेली. पन्नाशीत काचबिंदूनं त्यांचे डोळे हळूहळू खाल्ले. नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत ते भिंगातून वह्या तपासत. निवृत्त होऊन अंबडला राहायला आले, आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत त्या भिंगाचाही उपयोग उरला नाही. खिडकीकडे तोंड केलं तर उजेड आहे एवढं कळायचं, बस.

माझं सासर अंबडातच, दोन गल्ल्या सोडून. मी इथल्या कोर्टात लघुलेखक आहे. रोज सकाळी कोर्टात जायच्या आधी मी आण्णांना पेपर वाचून दाखवायला येत असे. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं टिपायचं काम, त्यामुळे सकाळी माझी घाई असायची आणि मी हळूच ओळी गाळायची.

"दोन ओळी गाळल्यास," आण्णा म्हणायचे.

"तुम्हाला काय माहीत?"

"वाक्याला क्रियापद आलं न्हाई."

मग मला मागे जावं लागे. ते रागवायचे नाहीत. पण एका माणसानं दुसऱ्याच्या सवडीनं वाचायचं म्हणजे काय, हे त्यांच्या मांडीवर गप्प पडलेल्या हातांकडे बघितलं की मला कळायचं.

ते यंत्र म्हणजे चष्म्याच्या दांडीला चिकटवायचं, बोटाएवढं एक उपकरण होतं. त्याला वाटाण्याएवढा कॅमेरा. समोर जे छापलेलं असेल ते वाचून ते कानात सांगणार. इंग्रजीत आणि हिंदीत वाचणारी अशी उपकरणं आधीही होती. हे मराठी वाचणार होतं, आणि आण्णांनी ती बातमी मोबाइलवर ऐकली होती.

गंमत अशी झाली की आता सबुरीचा सल्ला मी द्यायला लागले. "आण्णा, पहिल्या खेपेला हजार भानगडी असतात. माझा फोन आठवतो ना? सहा महिने थांबू. दुरुस्त होऊन येईल, स्वस्तही होईल."

"वाट बघायला डोळे लागतात, बाई," ते म्हणाले. "माझ्याकडं कान उरलेत."

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. आईचं शिक्षण तिसरीपर्यंत. लग्नानंतर आण्णांनीच तिला पुढचं वाचायला शिकवलं होतं. ती बाहेर येऊन म्हणाली, "घे त्यांना. तू घेतलेल्या सगळ्या वस्तू एका पारड्यात टाक, त्याच्यापेक्षा ही कामाची हाय."

नोंदणी सुरू झाली त्या दुपारी मी कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली डबा उघडून फोनवर बोट ठेवून बसले होते. बारा वाजता नोंदणीची खिडकी उघडली, दोनदा अडकली, तिसऱ्यांदा नोंद झाली. नवव्या दिवशी खोकं आलं. चैत्र संपत आला होता आणि अंबडात ऊन असं होतं की खोकंसुद्धा हाताला गरम लागत होतं.

आण्णांनी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसून ते चष्म्याला लावून घेतलं. मी पेपर त्यांच्या हातात दिला. यंत्र बोललं, "मजकूर आढळला नाही." आमच्या सगळ्यांचे चेहरे पडले. मग आईच म्हणाली, "अहो, पेपर उलटा हाय." आण्णांनी तो सुलटा केला. एक क्षण काहीच नाही. आणि मग त्यांची मान किंचित तिरपी झाली, जशी कोणी हळू आवाजात हाक मारल्यावर होते.

"शहागडजवळ पुलाच्या कामामुळे वाहतूक वळवली," आण्णा मोठ्यानं म्हणाले.

ती त्या दिवशीची पहिल्या पानावरची बातमी होती. मी ती त्यांना अजून वाचून दाखवली नव्हती.

त्या दिवशी मी कोर्टातून अर्धा दिवस सुटी काढली ती नुसतं आण्णांच्या मागं फिरायला. त्यांनी घरातलं छापलेलं सगळं वाचलं. कॅलेंडर. मिठाचा पुडा. आईची डोकेदुखीची डबी. पंख्याच्या रेग्युलेटरखालची अक्षरं. शेजारच्या घरावरची पाटी वाचून ते म्हणाले, "ह्यांनी 'कृपा' चुकीचं लिहिलंय, आणि पाच वर्षांत मला कोणी सांगितलं न्हाई." पुस्तकांची पेटी उघडली. वरचंच पुस्तक काढून पहिलं पान डोळ्यांसमोर धरलं. त्यावर त्यांनी कॉलेजात असताना शाईनं केलेली सही होती. यंत्राला हस्ताक्षर वाचता येत नव्हतं. "मजकूर आढळला नाही," ते म्हणालं. आण्णा म्हणाले, "आढळला न्हाई तरी हाय," आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवसापासून भानगडी सुरू झाल्या.

पेपरात शेजारी शेजारी रकाने असतात हे त्या यंत्राला ठाऊकच नव्हतं. ते डावीकडून निघायचं आणि सरळ उजव्या कडेपर्यंत वाचत जायचं. सकाळी मी आत शिरले तर आण्णा गंभीर चेहऱ्यानं ऐकत होते. ऐकलेलं त्यांनी मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं: "अंबड येथील जुन्या पिढीतील आदर्श गृहिणी यांचे आवक वाढल्याने दर घसरले. त्यांच्या पश्चात दोन मुले, हरभरा व तूर असा परिवार आहे."

आई हसून हसून खाली बसली. मीही हसले. आण्णा हसले नाहीत. "कोणाची तरी माय गेलीय," ते म्हणाले, आणि मग मात्र त्यांनाही आवरलं नाही.

दुपारी ते यंत्र कानामागे तापायचं. बाहेर ऊन असलं की अर्ध्या तासात स्वतःच बंद पडायचं. नेट गेलं की मराठी वाचणं बंद, आणि आमच्याकडे वीज गेली की नेटही जातं. ळ त्याला म्हणताच येत नव्हता. 'वेळ झाली'चं ते 'वेल झाली' करायचं. पण हे सगळं चालवून घेण्यासारखं होतं. मला खरी भीती वाटली ती गोळ्यांच्या दिवशी.

आण्णांना रक्तदाबाची गोळी असते. डॉक्टरांकडून सूचनांचा एक छापील मराठी कागद मिळाला होता. आण्णांनी तो यंत्रापुढे धरला, आणि मी तिथे पोहोचले तेव्हा आई गोळ्यांची पट्टी हातात घेऊन उभी होती.

"यंत्र सांगतंय, सकाळी नऊ गोळी जेवणानंतर," आण्णा मला म्हणाले.

 मी कागद हिसकावून घेतला. त्यावर लिहिलं होतं, '१ गोळी'. मराठी एकाला ते इंग्रजी नऊ समजत होतं.

"आण्णा! तुम्ही घेतल्या का?"

"मी काय फुटाणे खातोय का नऊ नऊ?" ते शांतपणे म्हणाले. "नऊ असत्या तर 'गोळ्या' छापलं असतं. 'नऊ गोळी' कुठं असतं का? तिथंच मला कळलं. तरी तुला विचारून घ्यावं म्हणून थांबलो."

मी त्याच दिवशी यंत्र परत खोक्यात भरलं. दहा दिवसांच्या आत परत करता येत होतं आणि तो आठवा दिवस होता. मला माझीच लाज वाटत होती. फुगलेला फोन वेगळा, खुळं घड्याळ वेगळं. इथं डोळे गेलेला माणूस होता आणि मी त्याच्या कानात खोटं बोलणारं काहीतरी बसवलं होतं.

आण्णांनी हात पुढे केला. "खोकं इकडं दे."

"न्हाई देणार. तुम्हाला व्याकरण येतं म्हणून वाचलात. ज्याला येत न्हाई त्याचं काय?"

"हां," आण्णा म्हणाले. "आता बराबर बोललीस. त्याचं काय? आपण परत केलं की आपले पैसे येतील. ज्यानं ठेवलं तो नऊ गोळ्या खाईल." मग ते म्हणाले, "पोरगं पहिल्या चाचणीत चुकलं म्हणून मी कधी शाळेतून काढलं न्हाई. वही घे. लिही."

मी वही घेतली. सांगायचे ते, लिहायची मी.

पुढचे कितीतरी दिवस आमचा सकाळचा तास असाच गेला. पेपर मी वाचायचा नाही. आण्णा यंत्राकडून वाचून घ्यायचे, जे कानात आलं ते मोठ्यानं म्हणायचे, आणि मी छापलेल्याशी ताडून चूक टिपायची. आण्णांनी चुकांचे वर्ग पाडले. आकड्यांच्या चुका सगळ्यांत वर, कारण त्यांनी जीव जाऊ शकतो. मग रकान्यांच्या. मग उच्चारांच्या. ळ आणि ल यांच्या जोड्या त्यांनी एका बैठकीत सांगितल्या: काळ आणि काल, बाळ आणि बाल, गोळा आणि गोला, नळ आणि नल. मग ज. "जेवणातला ज वेगळा आणि जगातला वेगळा. हे यंत्र सगळीकडं जेवणातलाच ज म्हणून राह्यलंय. त्याला कोणीतरी हिंदीतून मराठी शिकवलंय." मग शिष्टपणे म्हणाले, "शिकवणाऱ्याची चूक हाय, पोराची न्हाई."

आई बाजूला शेंगा फोडत बसायची. "दिवसभर कानात ती बाई बोलून राह्यलीय," ती एकदा म्हणाली. यंत्राचा आवाज बाईचा होता. "मी बोलले तर म्हणता, थांब जरा."

"तू शुद्ध बोलतेस," आण्णा म्हणाले. "तुझ्यात काय दुरुस्त करू?"

आई शेंगांचं भांडं उचलून आत गेली, आणि जाताना तिचा खुललेला चेहरा मी बघितला.

यादी मी कोर्टातल्या सवयीनं नीट टंकून, क्रमांक घालून कंपनीला मेल केली. उत्तर इंग्रजीत आलं, की आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो. ते कुठल्यातरी संगणकानंच धाडलेलं असणार. आम्ही दुसरी यादी पाठवली. तेच उत्तर. तिसरी पाठवली. परत करायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. मी चिडले. "कोणी वाचतच न्हाई, आण्णा."

"खेड्यातल्या शाळेत तीस वर्षं शिकवलं," ते म्हणाले. "पोरं ऐकतायत का न्हाई ते बघत बसलो असतो तर एक धडा झाला नसता. चौथी पाठव."

चौथी पाठवली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. एक मुलगी बोलत होती, बंगळुरूहून. यंत्राला बोलायला शिकवणाऱ्या लोकांपैकी ती एक होती. तिचं मराठी अडखळत होतं.

"सर, मी घरी मराठीच आहे. पण शाळा सगळी बाहेर झाली. तुमच्या चारही याद्या मला आजच मिळाल्या. मला थोडं विचारायचं होतं. ळ आणि ल इतकं वेगळं आहे का? म्हणजे, लोकांना कळतं ना संदर्भानं?"

फोन स्पीकरवर होता. मी आण्णांकडे बघितलं. ते खुर्चीत सरळ बसले. असे ते वर्गात बसायचे.

"बेटा, जेवून उठलेल्या माणसाला तू म्हणालीस, चूल भर, तर संदर्भानं त्याला काय कळेल मला माहीत न्हाई. पण तो लाकडं आणायला जाईल."

"पण सर, मग काय भरायचं असतं?"

"चूळ, बेटा. चूळ."

ती पलीकडे इतकी हसली की तिच्या आजूबाजूचे लोक काय झालं म्हणून विचारत असल्याचं आम्हाला ऐकू आलं. मग आण्णांनी तिला चाळीसेक मिनिटं शिकवलं. ळ म्हणताना जीभ कुठे वळते ते सांगितलं आणि तिच्याकडून म्हणून घेतलं. ती "गोला, गोला" म्हणत राहिली. आण्णा म्हणाले, "जीभ मागं घे, टाळूला लाव, आणि झटका दे." नवव्या-दहाव्या खेपेला तिच्या तोंडून स्वच्छ 'गोळा' आला, तेव्हा इकडे आईनं टाळ्या वाजवल्या.  मुलगी म्हणाली, "माझी आजी असंच बोलायची, सर."

त्यानंतर ती दर आठ-दहा दिवसांनी फोन करू लागली. गोळ्यांचं ऐकून तिनं आकड्यांचं काम सगळ्यांत आधी घेतलं. आषाढ लागला त्या सुमाराला यंत्रात पहिली सुधारणा आली. रात्रभर ती नेटवरून यंत्रात उतरत राहिली, सकाळी आण्णांनी तोच डॉक्टरांचा कागद समोर धरला. "सकाळी एक गोळी," यंत्र म्हणालं. आण्णांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. आता नेट नसलं तरी ते मराठी वाचत होतं. ळ आला होता, थोडा जड, नुकत्याच शिकलेल्या माणसाचा, पण ळच.

त्याच आठवड्यात आण्णा म्हणाले, "यंदा विहारात मी वाचणार."

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासात, आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. गावी असताना आण्णा दर वर्षावासात वाचायचे. इथे आल्यावर त्यांनाही विचारणा झाली होती, पण तोवर लोकांपुढे वाचण्याइतके डोळे उरले नव्हते. पाच वर्षं ते भिंतीला टेकून दुसऱ्यांचं वाचन ऐकत होते. वाचणारा अडखळला की त्यांचे ओठ हलायचे.

"यंत्र बंद पडलं तर?" आईनं विचारलं. "चार लोकांत हसं व्हायचं."

"पडलं तर थांबीन," आण्णा म्हणाले. "मी काय धावणारी गाडी हाय का?"

आम्ही अगदी परीक्षेची तयारी केली. माझ्या घरचा टेबललॅम्प विहारात नेला, कारण उजेड कमी पडला की यंत्र चाचपडायचं. पुस्तकाचं पान सपाट राहावं म्हणून दोन बाजूंना दोन पाट्या ठेवल्या. यंत्राचा आवाज फोनमधूनही ऐकू यायचा, म्हणून मी एक वायर कानात घालून शेजारी बसले. अडलं तर हळूच सांगायचं ठरलं होतं.

वंदना झाली. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका पुढे, पुरुष डावीकडे. सगळ्यांना ठाऊक होतं की सरांना दिसत नाही. आण्णांनी पान चाचपलं, मान खाली घातली. माझ्या कानात बाई बोलू लागली, आणि तिच्या एक श्वास मागून आण्णांचा आवाज निघाला.

पहिला परिच्छेद जड गेला. आण्णा शब्द शब्द पकडत होते, दोन वाक्यांमध्ये जास्तच अंतर पडत होतं. मागं कोणीतरी कुजबुजलं.  पण दुसऱ्या परिच्छेदापासून त्यांना लय सापडली. यंत्र सपाट सुरात जे सांगत होतं, त्यात आण्णा चढउतार घालत होते, थांबत होते, स्वल्पविराम ऐकू येत होता. मला दोन्ही ऐकू येत होतं, एका कानात कोरडे शब्द आणि दुसऱ्या कानात माझे वडील.

मग तो शब्द आला. ज सुधारताना बंगळुरूच्या मुलीच्या सहकाऱ्यांनी जरा जास्तच सुधारला होता. आता यंत्र सगळीकडे जगातलाच ज म्हणत होतं. ओळ होती 'जरा, व्याधी आणि मरण'. यंत्र माझ्या कानात म्हणालं, 'जरा थांब' म्हणताना म्हणतो तसं 'जरा', म्हणजे थोडीशी व्याधी आणि मरण. मी दचकून आण्णांकडे वळले. पण ते पुढे गेलेसुद्धा होते. म्हातारपणाचा जो 'जरा', जेवणातल्या ज-चा, तोच त्यांनी स्वच्छ उच्चारला आणि अर्ध्या श्वासाचाही खंड पडू दिला नाही. यंत्रानं चूक सांगितली होती आणि विहारात कोणालाही ती ऐकू आली नव्हती. आण्णांमध्ये येऊन ती दुरुस्त होऊन बाहेर पडली होती.

पुढं मात्र फजिती झालीच. वाचन रंगात आलं होतं, आण्णा पूर्ण तंद्रीत होते, आणि त्याच खणखणीत आवाजात ते म्हणाले, "आणि त्या सर्वांनी भगवंतांना वंदन केले, बॅटरी दहा टक्के शिल्लक."

 मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजीनं पदर तोंडाला लावला, आणि सगळेच हसले. आण्णाही हसले, अगदी मोकळे. "उपासकहो, दहा टक्क्यांत जेवढं बसतं तेवढं वाचतो," ते म्हणाले आणि त्यांनी प्रकरण पुरं केलं. यंत्र शेवटच्या ओळीच्या आधीच विझलं. ती ओळ आण्णांना पाठ होती.

खीर वाटताना ती आजी आण्णांपुढे येऊन उभी राहिली. "सर," ती म्हणाली, "मला बी दिसत न्हाई नीट. पण तुमचं वाचणं मला दिसल्यावानी झालं." आण्णांनी हात जोडले. घरी येताना त्यांनी माझा दंड धरला होता. वळणावर थांबून म्हणाले, "ज-ची चूक उद्याच कळव."

त्या वर्षावासात आण्णांनी मधले चार-पाच दिवस सोडले तर रोज वाचलं.

यंत्राला नंतर आणखी तीन सुधारणा आल्या. रकाने सुधारले, दोन्ही ज बऱ्यापैकी सुधारले. दिवाळीच्या सुमारास बंगळुरूच्या मुलीनं फोन करून सांगितलं की त्यांच्याकडे नवं काही बनलं की ते मराठीत पास आहे की नाही हे बघायला आण्णांच्या याद्याच चालवतात. ऑफिसात त्यांना 'सरांचा पेपर' म्हणतात. पैसे वगैरे काही मिळाले नाहीत, आम्ही मागितलेही नाहीत. मी त्या दिवशी कोर्टात ज्याला त्याला हे सांगितलं, एका वकिलांना तर दोनदा.

पुढच्या वर्षी नवं मॉडेल जाहीर झालं आणि सोबत मेल आला की पहिल्या मॉडेलला यापुढे सुधारणा मिळणार नाहीत. मला संताप आला. ज्यांनी आधी विश्वास टाकला, आधी सोसलं, त्यांनाच आधी वाऱ्यावर सोडायचं! मी आण्णांना म्हटलं, "बघा. पहिल्या दिवशी घेणाऱ्याचं असं होतं." आण्णा म्हणाले, "पहिल्या बाकावरच्यालाच फळ्याची धूळ लागते." आणि पेपर वाचत बसले.

गेल्या महिन्यात जालन्यात बसस्टँडसमोरच्या एका दुकानात नवं मॉडेल दाखवायला ठेवलं होतं. मी आण्णांना घेऊन गेले. आवडलं तर घ्यायचंच, असं मनाशी ठरवलं होतं. विक्रेता तरुण होता आणि फार आदबीनं बोलत होता. त्यानं आण्णांच्या डोळ्यांवर नवं यंत्र लावलेला चष्मा चढवला.

"काका, ह्याचं मराठी ऐका. एकदम शुद्ध. ळ वगैरे सगळं बिलकुल क्लिअर."

"अस्सं?" आण्णा म्हणाले.

मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझा हात दाबला. दुकानात पडलेलं एक मासिक मागून घेतलं आणि दोन पानं शेवटपर्यंत ऐकली. न हलता, डोळे मिटून. विक्रेता बिचारा एका पायावर उभा होता.

"शंभरपैकी ब्याऐंशी," आण्णा शेवटी म्हणाले. "'सिंह' अजून चुकतोय. बाकी पोरगं हुशार झालं."

"मग घेता का, काका?"

"न्हाई. माझ्याजवळ जुनं हाय. त्याच्या चुका मला पाठ झाल्यात. ह्याच्या परत शिकाव्या लागतील."

आण्णा पायरीवर जाऊन उभे राहिले. अंबडची गाडी पाच मिनिटांत होती. मी त्यांच्यामागं निघाले, आणि दारातून परत फिरले. मला राहवेना. मी विक्रेत्याला म्हटलं, "तुम्ही आत्ता ज्यांना ऐकवलंत ना, ह्या यंत्राला ळ त्यांनी शिकवलाय. त्यांची यादी आहे कंपनीत."

तो माझ्याकडे बघत राहिला. "कुठली यादी, मॅडम?"

मी पर्स काउंटरवर ठेवली आणि त्याला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आदर्श गृहिणीपासून. बाहेर आण्णा दोनदा म्हणाले, "चल जल्दी, गाडी लागली." ती गाडी गेली. पुढची तासाभरानं होती.